काठावरचं माणूस

आमच्या डिंगोऱ्याहून कॅरिबियन समुद्रात उतरायला जायचं असेल तर आधी जुन्नरला जावं लागतं, मग महाळुंगे पडवळला, मग येडगावला. विमान त्यानंतर. नकाशात बघाल तर हा रस्ता सापडायचा नाही, पण मला असाच पडला. परत आल्यापासून जो भेटतो तो विमानाचंच विचारतो, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं. विमानात काही नसतं हो. बसायचं, देतील ते खायचं आणि पाय सुजवून उतरायचं.

आधी मी कोण ते सांगते. मी मंगल. डिंगोऱ्यात आमची रोपवाटिका आहे, टोमॅटो, मिरची, फ्लॉवरची. सासऱ्यांपर्यंत घरात मेंढरं होती, मग शेती आली, आणि पुढे आम्ही दोघांनी रोपांचा धंदा सुरू केला. दोघांनी म्हणजे मी आणि हे. हे गेल्या पावसाळ्यात गेले. सकाळी शेडमध्ये ट्रे भरत होते, छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं आटोपलं.

पोहणं माझं. माहेरी महाळुंग्याला वडिलांच्या विहिरीत शिकले, पाठीला रिकामा डबा बांधून. लग्न करून डिंगोऱ्याला आले तेव्हा वाटलं, झालं, संपलं आता. नवी सून विहिरीत उड्या मारतेय म्हटल्यावर गाव काय गप्प बसणार? पण एकदा ह्यांच्याजवळ बोलले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी हे म्हणाले, "चल, मी बसतो काठावर." ह्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं, एक हात मारता यायचा नाही. पण मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस, एका जागी बसून नजर ठेवायची जन्माची सवय. विहिरीच्या वर करंजाखाली बसायचे, शेजारी दोर आणि माझ्या चपला. वाटेने कोणी पुरुष येताना दिसला की एवढ्या जोरात खाकरायचे की तो बिचारा बांधावरूनच मागे फिरायचा. आमच्याकडे नियमच आहे, काठावर माणूस बसल्याशिवाय विहिरीत पाय घालायचा नाही. माझ्या काठावर लग्नापासून एकच माणूस बसला.

मग ते मालवण झालं. एका बियाणेवाल्यांनी आम्हा रोपवाटिकावाल्यांची सहल नेली होती. तिथे पाठीवर हवेची टाकी बांधून आम्हाला समुद्राखाली नेलं. बाकीच्या बायका किंचाळत वर आल्या, मला मात्र वेड लागलं. पुढे पुण्याला जाऊन रीतसर शिकले आणि परवाना मिळवला. पण आपल्याकडे सगळं बोटीवरून, आणि ह्यांना बोट लागायची. मी खाली मासे बघतेय आणि हे कठड्याला धरून ओकतायत. किनाऱ्यावर आल्यावर तोंड पुसत म्हणाले, "मंगल, ह्ये आपलं काम न्हाई. जमिनीवरनं चालत पाण्यात जायचं, असं कुठं नसतंय का?"

असतं. बोनेअर नावाचं एक बेट आहे. तिथे रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, टाकी पाठीवर घ्यायची आणि चालत समुद्रात शिरायचं. शोअर डायव्हिंग म्हणतात त्याला. हे ह्यांनीच मोबाइलवर शोधून काढलं, आणि मग दोनेक वर्षं संध्याकाळी शेडच्या पायरीवर आमचं तेच चाललेलं असायचं. मी मासे बघायचे, हे सावली बघायचे. उपग्रहाचा नकाशा बोटांनी मोठा करत करत, "ह्ये काळं दिसतंय त्ये झाडच हाय का गं?" तिथल्या डायव्हिंगच्या दुकानाला आम्ही पहिला मेल पाठवला, तोही ह्यांनी सांगितलेला, मी लिहिलेला: किनाऱ्यावर बसणाऱ्याला सावली मिळेल का? त्यांचं उत्तर आलं की हे आजवर आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, बघून कळवतो. हे केवढे खूश झाले!

खोली ठरली, गाडी ठरली, तारखा ठरल्या. आणि हे गेले. पुण्याचा मुलगा म्हणाला, "आई, रद्द करू. त्यापेक्षा तू ग्रुपबरोबर केरळ बघून ये." केरळ कुठे पळून चाललंय? मी नाही म्हटलं. पाण्यातला जोडीदार ते दुकानवाले देणार होते, एकट्याला खाली सोडतच नाहीत. पण काठावरचं माणूस कोण देणार? ते आपलं आपणच न्यावं लागतं. दिवाळी झाल्यावर मी पिकअपमध्ये रोपांचे ट्रे भरले आणि निघाले. गिऱ्हाइकांना रोपं पोचवायची हे निमित्त, खरं काम माणूस शोधायचं.

जुन्नर

खिंड उतरले, शिवनेरी समोर आला, तरी बाजूच्या सीटकडे बघायची सवय गेली नव्हती. त्या सीटवर मी मुद्दाम ट्रे ठेवले होते. एकटीने गाडी चालवताना रिकामी सीट फार दिसते.

शमीम माझी कॉलेजातली मैत्रीण. बाजारात त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. नवरा कापसाचं बघतो, दुकान हीच चालवते. केसांत कायम कापूस. मला बघितलं आणि ओरडलीच, "अगं मंगल! फोन नाय काय नाय. ये, बस गादीवर, विकायची हाय पण बस." चहा आला, चहात बुडवायला बटर आले. मी सगळं सांगितलं, बेट, समुद्र, आणि मला काय पाहिजे ते.

"म्हंजे मी काय करायचं?" ती म्हणाली.

"काही नाही. बसायचं."

"नुसतं बसायचं? या अल्ला, सगळी जिंदगी मला असं काम कोणी दिलं नाय गं. येते की!"

मग काय विचारता. तिथे ऊन असेल तर कुठली छत्री न्यायची, समोर बुरखेवाली बसलेली बघून मासे घाबरतील का, विमानात मधली सीट कोणी घ्यायची, आमचं दोघींचं हसून हसून पोट दुखायला लागलं. ह्यांच्यामागे इतकी मी पहिल्यांदाच हसले असेन. तिने पोराला फोन लावायला मोबाइलसुद्धा हातात घेतला.

तेवढ्यात आतून हाक आली. तिच्या सासूची. सासू अंथरुणाला खिळून आहे, हे मला ठाऊक होतं, पण बोलण्याच्या नादात दोघींच्याही डोक्यातून गेलं. शमीम आत गेली. पडदा अर्धा उघडा होता. म्हातारीला कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, उशी लावणं, तिचे हात सवयीने चालले होते, आणि म्हातारी तिचा पदर सोडायला तयार नव्हती. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली आणि मी तिच्यासाठी आणलेल्या ट्रेमधली रोपं बघायला लागली.

"आठ दिवस नणंदेला बोलवते," ती म्हणाली. "बघते ना विचारून."

"राहू दे गं," मी म्हटलं.

"बघते ना मी."

"शमीम, राहू दे."

तिने मला बळेच एक उशी दिली, विमानात मानेला ठेव म्हणून. उशी कसली, घरच्या कापसाची दगडासारखी भरलेली. ती मी तिथपर्यंत नेली आणि परत आणली. जुन्नर सोडताना मला तिचा राग आला नाही, तिच्या सासूचाही नाही. पण असं वाटलं की सगळ्यांना कोणी ना कोणी धरून ठेवलंय, मीच काय ती सुटी आहे. बरं नाही वाटलं ते.

महाळुंगे पडवळ

नारायणगावला चौकात गर्दी, कळंबला चहा, तिथून महाळुंगे. माहेरी माझा धाकटा भाऊ दत्ता असतो. द्राक्षवाल्यांबरोबर एकदा दुबई बघून आलेला, म्हणजे पासपोर्ट तयार. म्हणून माझी सगळी भिस्त त्याच्यावर होती. वहिनीने मासवडी करायला घेतली होती. आमच्याकडची मासवडी म्हणजे बेसनाच्या पोळीत तीळ-खोबऱ्याचं सारण. मासा नावालासुद्धा नसतो, नुसता आकार. तिकडे बोनेअरला मी हे एका बाईला समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिला वाटलं आम्ही गरीब असणार.

दत्ता म्हणाला, "त्यात काय एवढं? बसायचंच हाय ना? येतो मी."

"आधी विहिरीवर बसून दाखव," मी म्हटलं.

"आक्के, परीक्षा घेती काय माझी?"

"हो."

दुपार कलताना गेलो. तीच विहीर, आता कडेने सिमेंट केलंय आणि मोटारीचे पाइप आलेत, पण पाणी तसंच काळंभोर. कपारीतली कबुतरं तशीच. ह्यांच्यामागे मी पाण्यात उतरले नव्हते. दत्ता काठावर ऐसपैस बसला, मी पायऱ्यांवरून सूर मारला. थेट तळ गाठला. कान दडपले, गाळ हाताला लागला, आणि कितीतरी दिवसांनी अंगातलं सगळं ओझं सुटल्यासारखं झालं. खाली मला कधी एकटं वाटत नाही. एकटेपणाला तिथे जागाच नसते, सगळीकडून पाणी धरून असतं.

वर आले. डोळ्यांवरचं पाणी पुसून काठाकडे बघितलं तर काठ रिकामा.

दगड, दोर, माझ्या चपला. माणूस नाही. आता ह्यात घाबरण्यासारखं काय होतं? मी त्या विहिरीत परकर-पोलक्यातली असल्यापासून पोहतेय. पण मला पाइपाला धरून राहावं लागलं. "दत्ता!" म्हणून हाक मारली ती विहिरीतच फिरली. जरा वेळाने तो बांधावरून पळत आला, मोबाइल हातात.

"अगं, कांद्याच्या व्यापाऱ्याचा फोन व्हता! हितं रेंज न्हाई, म्हणून जरा वर गेलो व्हतो."

मी बाहेर आले आणि साडी पिळायला लागले.

"असं काय करती? तू काय लहान हायेस का? माझ्यापरास भारी पोहतीस तू. दाजी येडे व्हते म्हणून बसायचे तासन् तास."

"येडे होते," मी म्हटलं. "तेच तर."

त्यालाही लागलं. तो लहानपणापासून तसाच आहे, मनाचा चांगला, बुडाने हलका. जेवताना वहिनीने मासवडीचा अख्खा मोठा वाटा माझ्या ताटात ढकलला आणि दत्ताकडे असं बघितलं की तो रस्साही मागेना. सकाळी निघताना तो पिकअपच्या खिडकीशी आला. "आक्के, मी येतो. खरंच येतो. फोन बंद करून बसंन."

मी म्हटलं, "तू कांद्याचं बघ बाबा." गाडी चालू केली. वळणावर आरशात बघितलं तर तो अजून रस्त्यातच उभा होता. मला रडू आलं, आणि रागही आला, दोन्ही एकदम.

येडगाव

आता उरल्या वन्सं. ह्यांच्या थोरल्या बहिणीला मी वन्सं म्हणते, नाव सिंधू. येडगावला धरणाच्या फुगवट्याजवळ राहतात. सगळ्या घराने मेंढरं विकली तरी ह्या बाईने आपली थोडीशी ठेवलीत. मी पोचले तेव्हा त्या पाण्याकाठी मेंढरं चारत होत्या. गाडीचा आवाज ऐकूनही वळल्या नाहीत, मेंढरू उसाकडे जात होतं ते आधी परतवलं. उसात बिबट्या असतो, त्यामुळे तिथे पाहुण्यापेक्षा मेंढरू आधी.

"कवा आलीस?" एवढंच. मग मेंढीच्या दुधाचा चहा केला, घट्ट, ज्यावर साय धरते. भाकरी आणि ठेचा पुढे ठेवला. हे गेल्यापासून आम्ही दोघी अशा समोरासमोर बसलोच नव्हतो. दहाव्याला, तेराव्याला बसलो होतो, पण तेव्हा मधे माणसं होती. शेवटी मी म्हटलं, "वन्सं, मी जरा पाण्यात जाऊन येऊ का? तुम्ही बसता?"

त्यांनी मला "कशाला" असं विचारलं नाही. उठल्या, काठी घेतली, काठावर एक बूड टेकेल असा दगड बघितला आणि बसल्या.

धरणाचं पाणी थंड होतं, तळाला गाळ, बुडालेल्या बांधाचे दगड पायाला लागत होते. मी लांबवर गेले, बुडी मारली, दमेपर्यंत पोहले आणि परत फिरले. वन्सं तिथेच होत्या. हनुवटी काठीवर, डोळे माझ्यावर, बसलेल्या जागेवरून एक बोटभर हलल्या नव्हत्या. बहीणच ती. तसेच खांदे, तशीच मान. मी पाण्यात उभी राहून हुंदके देऊन रडले. त्यांनी नजर काढून घेतली नाही.

बाहेर आल्यावर मी बेटाचं, शमीमचं, दत्ताचं सगळं सांगितलं आणि विचारलंच. "वन्सं, तुम्ही चला की माझ्याबरोबर."

"मी? इमानात?" त्यांनी मेंढरांकडे बघितलं. "आन ह्यांच्याकडं तुझा सासरा बघायला येनारे का वरनं?"

"मग मी काय करू?"

त्यांनी माझ्या ओल्या केसांवर आपला पदर टाकला, खसाखसा पुसले. "मंगल, तुझा बसनारा व्हता, त्यो गेला. आमचा भाऊ व्हता, आमचाबी गेला. आता दुसरा कुठनं आननार हायेस तू? त्याच्याबिगर बसल ती कशीतरीच बसल. जायचं आसंल तर तशीच जा. न्हाई तर नको जाऊस. पन गावोगाव हिंडून मानसं तपासत नको बसू."

एवढं लांबलचक वन्सं कधी बोलल्या नव्हत्या. बोलून झाल्यावर मेंढरं घराकडे वळवायला लागल्या, ऊन उतरत होतं. मी घरी आले आणि बॅग भरली.

बोनेअर

उतरल्यावर मनात पहिलं काय आलं सांगू? हे तर आपलं आणे-पठार! एवढा खर्च, एवढा प्रवास, आणि समोर निवडुंग, काटेरी झुडपं, उघडी माळरानं आणि त्यात बकऱ्या. गाढवंसुद्धा मोकाट. निवडुंग एकाला एक लावून कुंपण करतात, डिट्टो आपल्यासारखं. फक्त माळ संपला की आपल्याकडे घाट लागतो, तिथे समुद्र लागतो, आणि त्याचा रंग असा की मी आधी मोबाइलच्या फोटोंना खोटं म्हणत होते, त्यांची माफी मागितली. जेवायला बोकडाचं मटण आणि मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा. लोक तिखट खात नाहीत, पण मटण शिजवायची अक्कल आहे.

तिथे भाड्याने मिळते ती गाडीही पिकअपच. मी म्हटलं, चला, इथे तरी माझा हात कोणी धरणार नाही. निघाले झोकात, आणि पहिल्याच वळणावर समोरून ट्रक. त्यांच्याकडे रस्त्याची बाजू उलटी! ट्रकवाला हॉर्न न वाजवता थांबला आणि हसून मला बाजूला घेतलं. आपल्याकडे असतं तर माझ्या सात पिढ्या निघाल्या असत्या. मला त्या शिव्यांचीसुद्धा आठवण आली, काय बोलणार.

रस्त्याच्या कडेने पिवळे रंगवलेले दगड असतात, त्यावर जागेचं नाव. दगड दिसला की गाडी लावायची आणि समुद्रात उतरायचं. दुकानाने मला जोडीदार दिली ती योहाना, हॉलंडची, टपाल वाटायचं काम करून निवृत्त झालेली, माझ्याच वयाची. दरवर्षी एकटी येते. गाडीच्या काचा खाली करून, आत काही न ठेवता ती निघाली. मी विचारलं, "गाडीपाशी कोण?"

"कोणी नाही. काचा बंद असल्या तर चोर फोडतात, म्हणून उघड्या."

"आणि काठावर कोण?"

तिला प्रश्नच कळला नाही. मी हाताने किनारा दाखवला, बसल्याची खूण केली. ती म्हणाली, "आपण दोघी खाली, मग काठावर कशाला कोणी?"

बरोबरच होतं तिचं. ती माझे पट्टे तपासत होती, माझी हवा बघत होती, जीव लावून करत होती. तरी कमरेइतक्या पाण्यात मी थांबले. मागे वळून बघितलं. उघड्या काचांची गाडी, एक गाढव, ऊन. माझे पाय पुढे होईनात. योहाना शेजारी उभी राहिली, लाटा आम्हा दोघींना हलवत होत्या. मी मनातल्या मनात वन्संना एक शिवी दिली, ह्यांना एक दिली, आणि तोंडात नळी धरून खाली गेले.

खाली काय होतं? खोटं कशाला बोलू, भारी होतं. पोपटाच्या रंगाचे मोठे मासे दगडासारखी पोवळी दातांनी कुरतडत होते आणि तो करकर आवाज आपल्याला ऐकू येतो. एक कासव माझ्याकडे ढुंकूनही न बघता अगदी जवळून गेलं, जसं आमच्या चुलतसासूबाई रस्त्यात भेटल्यावर जातात. मी पाण्यातच हसले, मास्कमध्ये पाणी शिरलं. आणि वर आल्यावर मी कासवाचं सांगायला काठाकडे वळले, तोंड उघडलेलं, आणि काठावर तेच, गाडी, गाढव आणि ऊन. योहानाने माझ्याबरोबरच ते बघितलं होतं, तिला काय सांगायचं? ज्याने बघितलं नाही त्याला सांगण्यात मजा असते. त्या संध्याकाळी खोलीवर मी दुसऱ्या पलंगावर ओले कपडे पसरून टाकले, निदान तो रिकामा दिसू नये म्हणून.

असेच दोन-तीन दिवस गेले. मग मला सर्दी झाली. खोलीतल्या एसीने दावा साधला. सर्दीत कान मोकळे होत नाहीत, पाण्याखाली जायचं नाही म्हणजे नाही. योहानाला दुसऱ्या एका उंच जर्मन माणसाची जोडी मिळाली. मी म्हटलं, मी गाडी चालवते, तुम्हाला नेते. जागा मी निवडली, ह्यांनी नकाशात झाड शोधून ठेवलेली. झाड होतं! वाऱ्याने एका अंगाला झुकलेलं, खुरटं, पण एका माणसापुरती सावली होती. ती दोघं पाण्यात शिरली, डोकी दिसेनाशी झाली, आणि मी सावलीत बसले.

पहिला थोडा वेळ बरा गेला. पाण्यावर त्यांचे बुडबुडे दिसत होते. मग वारा सुटला, लाटा फुटायला लागल्या आणि बुडबुडे हरवले. मी उभी राहिले. काही दिसेना. पुन्हा बसले. पाण्याचं कसं असतं, आत असलो की सगळं दिसतं, काठावरून नुसती वरची कातडी दिसते. टाकीतली हवा किती वेळ पुरते ते मला माहीत होतं, आणि तेवढा वेळ होऊन गेला असं मला वाटायला लागलं. ओळख चार दिवसांची ती बाई, माझी कोण लागते? पण मी वाळूत नखं रुतवून बसले. ओढ लागली असेल का? पाय कुठे अडकला असेल का? हाक मारायला कोणी नाही, आणि मारून उपयोग नाही, खाली ऐकू जात नाही. उठायची सोय नाही, कारण उठून गेले आणि नेमकी तेव्हाच ती वर आली तर? हे असेपर्यंत पाण्यात मी कधी भ्याले नव्हते. काठावर एवढं भ्यायला होतं हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी ती दिसली, पण समुद्रात नाही. पार लांब, रस्त्याच्या कडेने, टाकी पाठीवर घेऊन चालत येत होती, मागे तो उंच जर्मन. पाण्याच्या ओढीने ती दोघं पुढच्याच किनाऱ्यावर निघाली होती. मी चप्पल न घालता धावत सुटले. मनात होतं, आधी एक थोबाडीत द्यावी, मग चांगली झाडावी, कळत नाही का तुला, इथे माणसाचा जीव जातोय. तिच्यासमोर जाऊन उभी राहिले, धाप लागलेली, आणि माझ्या तोंडातून काय निघालं तर, "पाणी गार होतं का?"

मराठीतच. तिला काय कळणार? मी इंग्रजीत विचारलं. ती म्हणाली, "थोडं. का गं, तू रडतेस का?"

मी तिला काय सांगणार होते? की हे रोज मला हेच विचारायचे. लग्नापासून, प्रत्येक वेळी मी विहिरीतून डोकं वर काढलं की काठावरून तेवढंच एक वाक्य यायचं, "पाणी गार हाय का गं?" मला वाटायचं, बिचाऱ्याला पोहता येत नाही, म्हणून विचारतो. मी म्हणायचे, "या की, तुमीच उतरून बघा." हे हसायचे आणि खाली मान घालून दोर गुंडाळायला लागायचे.

एवढी वर्षं. बाई गं, ते पाण्याचं विचारतच नव्हते.